तार तुटायची वाट पाहू नका

हवाईयन गिटारची तार तुटली की मगच बदलायची, असं मानणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतल्या एकाने माझा एक अख्खा हंगाम नासवला, वर चार लोकांत मला बेसूर ठरवलं. म्हणून हे लिहितोय. ज्यांचं वाद्य स्वतःचं आहे त्यांना याचा उपयोग होईलच. पण दुसऱ्याचं वाद्य मांडीवर घेऊन वाजवणाऱ्यांना जास्त होईल, कारण सूर बिघडला की बोल त्यांना लागतो आणि तारांचा निर्णय मात्र त्यांच्या हातात नसतो.

कोल्हापूरचा जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत घाटावर आणि खाली कोकणात कार्यक्रम. मालकांचा आग्रह असा की वाद्यं ऑर्केस्ट्राचीच वापरायची, म्हणजे साउंडवाल्याला दरवेळी नवीन जुळवाजुळव नको. माझी गिटार घरी राहिली आणि त्यांची सहातारी मला मिळाली. वाद्य चांगलं होतं, हे आधीच सांगतो. लाकूड भरीव, खुंट्या घट्ट, ब्रिज सरळ. पहिल्या तालमीला केस उघडली, तारांवरून बोट फिरवलं, तर बोटाला काळं लागलं. वरच्या दोन साध्या तारांवर तपकिरी ठिपके होते आणि जाड तारांच्या गुंडाळीत मळ बसून त्यांचा रंगच गेला होता.

मी तिथेच म्हटलं, “मालक, वाजवायच्या आधी तारा बदलून घेऊ. सेट मी घेऊन येतो.”

“अहो सर, वाजत्यात न्हवं? मग? तार तुटली की बदलायची. आत्ताच कशाला खर्चात पाडताय?”

मी पुन्हा सांगितलं. त्यावर त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं, “व्हॅन शिपले काय दर महिन्याला तारा बदलत होते काय?” सगळे हसले आणि तालीम सुरू झाली. मी वाद वाढवला नाही, कारण मी नवीन माणूस होतो. पण व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली या गिटारवादकांच्या रेकॉर्डी ज्याने कान देऊन ऐकल्यात त्याला या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. वरच्या तारेवर बार स्थिरावल्यावर जो सूर लख्ख उभा राहतो आणि हळूहळू, एकसारखा विरत जातो, तो मेलेल्या तारेतून काढून दाखवावा कुणीही.

हा गैरसमज येतो कुठून, तेही मला कळतं. साधी गिटार वाजवणाऱ्याची तार पडद्यावर दाबून दाबून खालून खाचते, म्हणून तो बदलतो. आपल्या वाद्यात तार कशालाच टेकत नाही. वरून बार सरकतो, बस्स. त्यामुळे लोकांना वाटतं की आपली तार झिजतच नाही आणि जन्मभर चालते. वस्तुस्थिती उलटी आहे. पडद्याची गिटार थोडी खोटी झालेली तार खपवून घेते, आपलं वाद्य घेत नाही. याचं कारण बार सरळ असतो.

एवढं एक वाक्य मला त्या माणसाला हंगामभर समजावता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो. नवी तार टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची आणि सारख्या वजनाची असते. म्हणूनच बार तिच्या बरोबर मध्यावर ठेवला की वरचा षड्ज मिळतो, पट्टीवरच्या पाचव्या रेषेवर मध्यम मिळतो, सातव्यावर पंचम मिळतो. घाम, गंज, मळ आणि पिकांचा मार यांनी तार जुनी होते तेव्हा ती सगळीकडे सारखी जुनी होत नाही. पिक जिथे लागतात तिथली गुंडाळी चपटी होते, बार जिथे जास्त फिरतो तिथे घासते, आणि घामाचा मळ मध्येच कुठेतरी साचतो. वजन असं विषम झालं की तार मोकळी वाजवल्यावर सुरात असते, ट्यूनरवर हिरवा दिवाही लागतो, पण वर जाऊ लागलं की रेषेवरचा सूर रेषेवर सापडत नाही. एकच तार वाजवताना कान बार किंचित पुढेमागे करून सांभाळून घेतो. वादकाला ते कळतही नाही इतकं ते सहज होतं. पण दोन किंवा तीन तारा एकदम वाजवायच्या असतील तर? बार एकच, तो सरळ, आणि प्रत्येक तारेची खोट वेगळी. एक तार सुरात आणावी तर दुसरी सुटते. यावर कितीही रियाज केला तरी उपाय नाही. बोटांनी जे करायचं ते सगळं केलं तरी सूर दोनच राहतात.

आता रत्नागिरीकडचा कार्यक्रम. आंबा घाट उतरताना पाऊस होता आणि वाद्यं टेम्पोत. केस ओली नव्हती, पण आतला मखमली कपडा दमट लागत होता. साउंड चेकला मी पुन्हा तारांचा विषय काढला. मालक मंडपवाल्याशी हुज्जत घालत होते, त्यांनी नुसता हात हलवला. पहिल्या भागात एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात गिटारवर तीन तारांचा कॉर्ड घेऊन पाचव्या रेषेवरून बाराव्यापर्यंत चढायचं होतं आणि तिथे थांबायचं होतं. खाली की-बोर्डवाला तोच कॉर्ड धरून बसलेला. मी चढलो, थांबलो, आणि तिथे जे ऐकू आलं ते मला आजही आठवतं. माझ्या तीन तारांचे तीन सूर एकमेकांवर घासत होते, आणि की-बोर्ड चौथीकडे. मी बार हलवला, तर एक तार मिळाली आणि बाकीच्या आणखी फाटल्या. ऐकणाऱ्यांना बहुतेक वाटलं असेल की माणसाला रेषा दिसत नाही.

मध्यंतरात मालक विंगेत आले. निवेदक, गायिका, ढोलकीवाला, चहा देणारा पोरगा, सगळे तिथेच होते. “सर, कान तपासून घ्या एकदा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. पुढच्या भागातले माझे दोन तुकडे त्यांनी की-बोर्डवाल्याला दिले. स्ट्रिंग्सचा आवाज लावून त्याने ते वाजवले, आणि पब्लिकला काही फरक पडला नाही म्हणून मालक परतीच्या प्रवासात खूश होते.

सगळ्यात वाईट त्यानंतर झालं. माझ्यासारख्या माणसाने, ज्याने आयुष्यातली कितीतरी वर्षं या वाद्यावर घालवली, रात्री घरी बसून स्वतःच्या कानावर शंका घेतली. तंबोरा लावून सा धरून बसलो. कान शाबूत होता. पण मालकांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. अनुभवी वादकालाही एक बेदरकार माणूस असा खिळखिळा करू शकतो, हे नव्या मुलांनी लक्षात ठेवावं.

काही दिवसांनी मालकांचा फोन आला. वाद्य त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे टाकलं होतं. त्याचं निदान असं की पिकअप गेलंय. मी फोनवरच म्हटलं, “मालक, पिकअपमुळे सूर चुकत नाही.” त्यांनी ऐकलं नाही. जुनं पिकअप काढून नवीन बसवलं, भलामोठा खर्च केला, आणि वाद्य तालमीला परत आलं. मी केस उघडली. तारा त्याच! दुरुस्ती करणाऱ्याने त्या काढल्या होत्या, पिकअप बसवलं होतं, आणि त्याच काळ्या, ठिपक्यांच्या तारा परत चढवल्या होत्या. खुंटीजवळ त्यांना जुन्या वेढ्यांचे बाक तसेच होते. त्या क्षणी माझा जो संताप झाला तो मी इथे लिहीत नाही.

वाद्य घरी न्यायची परवानगी मागितली. कशी कुणास ठाऊक, मिळाली. त्या रात्री मी वाद्य टेबलावर ठेवलं आणि एकेक तार तपासली. बाराव्या रेषेवर बोटाचा नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढायचा, मग त्याच रेषेवर बार हलकेच ठेवून तीच तार वाजवायची. दोन्ही एक आले पाहिजेत. पहिली तार: बारचा सूर चढा. दुसरी: जवळपास बरोबर. तिसरी: उतरलेला, तोही इतका की ट्यूनर बघायची गरज नाही. चौथीला हार्मोनिक स्वतःच थरथरत होता, एकच तार वाजत असताना दोन तारा वाजल्यासारखा, वाँव वाँव करत. माझ्या अंगावर काटा आला. मला जे रत्नागिरीत ऐकू आलं होतं, ते सगळं इथे टेबलावर, माझ्या हाताचा काही संबंध नसताना, जसंच्या तसं ऐकू येत होतं. तिसरी तार सोडवून अंगठ्याच्या नखावरून ओढली. पिक लागतात त्या जागी नख सरळ घसरलं आणि पुढे गेल्यावर गुंडाळीवर खर्र असं अडखळलं. एकाच तारेत दोन तारा होत्या. मी ती तार तशीच हातात धरून बराच वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या पैशांनी तारा आणल्या, चढवल्या, ताणून घेतल्या. तालमीला तोच तुकडा, तोच कॉर्ड, तीच बारावी रेषा. की-बोर्डवाल्याने स्वतःहून मान डोलावली. मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, “बघा! पिकअप बदलल्याचा फरक पडला की नाही शेवटी?”

मी त्यांना जुन्या तारांचं भेंडोळं दाखवलं, हार्मोनिकचा प्रकार करून दाखवला. त्यांना बघायचंच नव्हतं. की-बोर्डवाल्याला दिलेले माझे तुकडे मला त्या हंगामात परत मिळाले नाहीत. “आता बसलंय की-बोर्डवर, राहू दे,” हे त्यांचं कारण.

असो. आता तुमच्या कामाचं.

तारा कधी बदलायच्या याचं उत्तर महिन्यांत मागू नका. रोज दोन तास वाजवणाऱ्या, हाताला घाम येणाऱ्या आणि समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाच्या तारा काही आठवड्यांत जातात. सोलापुरात आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्याच्या कितीतरी जास्त टिकतात. काहींच्या घामातच असं काही असतं की नवी कोरी तार चार दिवसांत करडी पडते, आणि शेजारी बसणाऱ्याची चकाकतच असते. वाद्याला विचारायचं, ते सांगतं.

पहिली खूण मी वर सांगितली, बाराव्या रेषेची. तिच्यात एक खबरदारी घ्या. बार रेषेच्या बरोबर वर आहे की नाही ते तिरकं बसून बघू नका, डोकं वर आणून बघा. आणि बार दाबू नका, दाबला की तार ताणली जाऊन सूर चढतो. सगळ्या तारा एकाच बाजूला तेवढ्याच चुकत असतील तर तारांना दोष देऊ नका. तिथे रेषा चुकीच्या आखल्यात किंवा ब्रिज सरकलाय किंवा तुमची नजर तिरकी आहे. एकदोन तारा वेगळ्या वागत असतील तर मात्र दोष तारांचाच.

ए मेजरमध्ये खालचा ई ठेवून लावत असाल तर याहून सोपी परीक्षा आहे. पहिली आणि चौथी दोन्ही ई, एका सप्तकाच्या अंतराने. तिसरी आणि पाचवी दोन्ही ए. मोकळ्या तारांवर या जोड्या इतक्या नीट मिळवा की थरथर राहायला नको. मग बार आडवा टाकून पाचव्या, सातव्या, बाराव्या रेषेवर हीच जोडी एकत्र वाजवत जा. मोकळं मिळालेलं वर जाताना सुटत गेलं, तर सेट बदलायची वेळ झाली. ट्यूनर लागत नाही, कार्यक्रमाआधी विंगेत उभ्या उभ्या होतं. मी आता कुणाचंही वाद्य हातात घेतलं की आधी हे करतो.

या सगळ्यात गंधाराची तार तेवढी जपून तपासा. ट्यूनरचा सी शार्प आणि कानाला गोड वाटणारा गंधार यांत जवळजवळ १४ सेंटचा फरक असतो. शुद्ध गंधार ट्यूनरपेक्षा उतरलेला असतो, आणि हवाईयन गिटार वाजवणारे बरेच जण ती तार मुद्दाम तेवढी उतरवून लावतात. कॉर्ड शांत वाजतो म्हणून. ती तार ट्यूनरवर उतरलेली दिसली म्हणून तिला मेलेली समजू नका, आणि एखाद्या मालकाला समजू देऊ नका.

ज्यांनी गाण्याचं शिक्षण घेतलंय त्यांच्यासाठी एक वेगळी खूण सांगतो, माझ्या मते सगळ्यात खरी. तंबोऱ्याच्या खर्जात स्वयंभू गंधार ऐकायला आपल्याला शिकवतात. तो तारेच्या लांबीच्या पाचव्या भागातून येणारा सूर असतो, दोन सप्तकं वरचा गंधार. जिवंत तार असेल तर हवाईयन गिटारच्या जाड तारेतही तो ऐकू येतो. शंका वाटली तर चौथ्या रेषेच्या किंचित अलीकडे बोटाचा हलका स्पर्श करून तोच सूर हार्मोनिक म्हणून काढा, म्हणजे काय ऐकायचं ते कळेल, आणि मग तार मोकळी सोडून तो शोधा. वरचे उपस्वर तारेतून सगळ्यात आधी जातात. गुंडाळीतला मळ त्यांना खाऊन टाकतो. गंधार ऐकू येईनासा झाला की ती तार अजून सुरात असली तरी तिची जान गेली. ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐका, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ऐका. संतूर आणि बासरी शेजारी असताना एक मींड सुरू होऊन किती लांब जाते आणि शेवटपर्यंत तिच्यात आस राहते. रागदारी वाजवणाऱ्याला ही आस लागतेच. मेलेल्या तारेवर मींड अर्ध्यात उतरते आणि पुढचं नुसतं बारचं घासणं ऐकू येतं.

व्हॉल्यूम पेडल वापरणाऱ्यांनी आपल्या पायाकडे लक्ष द्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याच हंगामात कळलं. तारेचा सूर विरायला लागला की आपण नकळत पेडल दाबत जातो आणि सूर धरून ठेवतो. तारा जुन्या होत जातात तसा पाय रोज थोडा जास्त खाली जातो आणि कानाला काही बदल जाणवत नाही. रत्नागिरीला मी शेवटच्या लांब सुरावर पेडल तळाला टेकवलं होतं आणि तरी आवाज कमी पडत होता. पेडलचा तळ वेळेआधी लागायला लागला, तर ॲम्प्लिफायरवाल्याला बोलावण्याआधी तारा बघा.

बारचा आवाज वाढला, खरखर वाढली, ही तर कुणालाही कळणारी गोष्ट. पण बारही बघा. त्याला कुठे खाच पडलेली असेल तर तो नव्या ताराही कुरतडतो. नखाने बारभर चाचपायचं, अडखळलं की बार बदलायचा. आणि एकच तार दरवेळी एकाच जागी तुटत असेल तर तिथे खुंटीला, नटला किंवा ब्रिजला धार आली आहे. ती बारीक पॉलिश पेपरने मोडल्याशिवाय नवीन तार लावू नका. सूर लावताना खुंटी फिरवल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग टक् आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, तेव्हा तार नटच्या खाचेत अडकते आहे. साध्या पेन्सिलीचं शिसं त्या खाचेत घासा.

पिकअपबद्दल, कारण मालकाचे पैसे त्यात गेले आणि बिल माझ्या नावावर फाडलं. पिकअप तारेची थरथर पकडतं, सूर ठरवत नाही. आवाजच नाही, किंवा सगळ्या तारांचा आवाज सारखाच बारीक झालाय, तर पिकअपची किंवा वायरची शंका घ्या. मल्टिमीटर लावला आणि काही किलोओहम दाखवले तर कॉइल शाबूत आहे. पिकअप फार वर चढलेलं असलं तर त्याचं चुंबक तारेला ओढतं आणि सूर थरथरतो, हे होतं. पण ते स्क्रू फिरवून खाली घेतलं की जातं, त्याला नवीन पिकअप लागत नाही. म्हणून कुठल्याही इलेक्ट्रिक हवाईयन गिटारच्या दुरुस्तीला पहिली पायरी म्हणजे नवीन तारा. दुकानदार जुन्या तारा लावून वाद्य परत देत असेल तर ते वाद्य तपासून झालेलंच नाही.

कुठल्या तारा घ्यायच्या, इथे आपल्याकडे जास्त घोळ होतो. दुकानात ‘गिटारचा सेट’ मागितला की नऊचा किंवा दहाचा हातात पडतो, म्हणजे पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंच. तो बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी. बारच्या वजनाखाली तसली पहिली तार खाली जाते आणि सूर चढा येतो. नव्या तारांवर बेसूर झालात तर हे बघा. आपल्याला पहिली ०.०१४ किंवा ०.०१५, दुसरी ०.०१७ किंवा ०.०१८ हवी, आणि तिसरी शक्यतो गुंडाळीची. सुट्या तारा मागा, मिळतात. खालचा ई असलेल्या ए मेजरला साध्या सेटच्या मधल्या तीन तारा एकेक पूर्ण स्वर चढवाव्या लागतात, म्हणजे त्यांवरचा ताण साधारण पाव पटीने वाढतो. तेवढं चालतं. पण खाली ए आणि सी शार्प असलेलं ट्यूनिंग साध्या सेटवर लावायला जाऊ नका. सहावी तार तिथे ई वरून अडीच स्वर चढवून ए वर न्यावी लागते आणि ताण पावणेदोन पटीच्या वर जातो. तार तरी तुटेल किंवा ब्रिज तरी उचलेल. त्या ट्यूनिंगला जाड तारा मुळातच पातळ घ्यायच्या. अकूस्टिक गिटारचे ब्राँझचे सेट चुंबकाच्या पिकअपवर लावू नका. ब्राँझ चुंबकाला लागत नाही, त्यामुळे जाड तारा दबून येतात. निकेल किंवा स्टील घ्या. स्टेनलेस स्टील चकचकीत वाजतं पण बारखाली जास्त कुरकुरतं. मला निकेल बरं वाटतं.

सगळ्या तारा एकदमच बदला. एकच नवी चढवली की ती ओरडते आणि बाकीच्या मुक्या वाटतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बदलू नका. नवी तार ताण धरेपर्यंत उतरत राहते. दोन दिवस आधी चढवा, हाताने हलकेच वर ओढून ताणून घ्या, पुन्हा लावा, असं सूर स्थिर होईपर्यंत. खुंटीवर दोनतीन वेढे पुरेत, साध्या तारेला एखादा जास्त.

वाजवून झालं की सुती कापडाने तारा पुसा, वरून आणि खालूनही. खालची बाजू पुसायला लोक विसरतात आणि मळ तिथेच जास्त राहतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात बदलत राहा. तारांना खोबरेल किंवा मशीनचं तेल लावणारे मी पाहिलेत. गंज थांबतो असं त्यांना वाटतं, पण तेल गुंडाळीत जाऊन धूळ धरून बसतं. जाड तारा पाण्यात उकळून काढायची एक युक्ती आहे. मळ सुटतो आणि चमक थोडे दिवस परत येते, रियाजासाठी चालतं. पण झिजलेली तार उकळल्याने सरळ होत नाही, खोटा सूर खराही होत नाही. उकळलेल्या तारा घेऊन स्टेजवर जाऊ नका. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आणि दुसऱ्याचं वाद्य वाजवणार असाल तर तारांचं आधी ठरवा. सेट कोण आणणार, कधी बदलणार, पैसे कोण देणार. तालीम सुरू व्हायच्या आधी ठरवा, आणि चार लोकांसमोर ठरवा. नंतर कुणी ऐकत नाही. वाद्य तपासल्यावर तारा गेलेल्या दिसल्या तर बाराव्या रेषेची परीक्षा मालकाला तिथेच ऐकवा. त्याला कळो न कळो, बाकीच्या वादकांना कळेल, आणि पुढे बोट तुमच्याकडे वळायला जरा वेळ लागेल. आपल्या पिशवीत एक पूर्ण सेट आणि दोन पहिल्या तारा कायम असू द्या.

यंदा श्रावणात त्याच ऑर्केस्ट्राकडून निरोप आला. गणपतीच्या तारखा लागल्यात, येणार का? मी एवढंच विचारलं की वाद्याच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या आणि या वर्षीचा सेट कोण आणणार. निरोप घेऊन आलेला मुलगा म्हणाला, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.